थायमस, ताण आणि माझे हात

थायमस ग्रंथी, जिथे रोगप्रतिकारक पेशी घडतात ती, उंदराच्या छातीत, हृदयाच्या डोक्यावर टोपी ठेवावी तशी बसलेली असते. दोन पाकळ्यांची, पांढरट, चिमट्यात जोरात धरली तर फाटेल इतकी मऊ. बाहेर काढली की लगेच सुकायला लागते, म्हणून तिला चिकटलेली चरबी आणि शेजारच्या बारीक लसिका ग्रंथी भराभर सोडवून ती काट्यावर ठेवायची. एखादी लसिका ग्रंथी चुकून सोबत राहिली तरी आकडा फुगतो. माझ्या पहिल्या प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी मी अशा थायमस एकामागून एक काढत होतो, आणि सर्वांत जास्त मात्रा दिलेल्या गटात त्या नजरेला कळेल इतक्या लहान निघत होत्या. मला आनंद झाला. आज हे सांगायला लाज वाटते, पण झाला होता खरा. या पदार्थाने रोगप्रतिकारक यंत्रणेला धक्का बसतो का, हेच तर शोधायचं होतं, आणि उत्तर माझ्या चिमट्यात होतं.

पदार्थाचं नाव मला माहीत नव्हतं. आमच्याकडे तो एका कोडने आला होता, पिवळसर भुकटीच्या रूपात. ती तेलात घोटून रोज उंदरांना पाजायची. (मराठीत एकच 'उंदीर' सगळ्यांना पुरतो, प्रयोगशाळेत माउस वेगळा आणि रॅट वेगळा. आमचे रॅट होते, पांढरे, लाल डोळ्यांचे, सहा-सात आठवड्यांचे. मी इथे उंदीरच म्हणणार आहे.) मुख्य अभ्यास २८ दिवसांचा व्हायचा होता. त्याआधी मात्रा ठरवण्यासाठी ही चौदा दिवसांची छोटी चाचणी.

संध्याकाळी आकडे घेऊन मॅडमकडे गेलो. त्या माझ्या मार्गदर्शक. त्यांनी थायमसचा तक्ता बाजूला सारला आणि विचारलं, "वजनं?"

जास्त मात्रेच्या गटाची वजनं वाढायची थांबली होती, दोघांची तर घटली होती.

"अधिवृक्क ग्रंथी?"

मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या त्या दोन दाण्याएवढ्या ग्रंथी. त्या गटात त्या किंचित जड भरल्या होत्या. मी तो स्तंभ नीट पाहिलाच नव्हता.

"आणि कापलेस कोणत्या क्रमाने?"

सकाळी नियंत्रण गट (ज्यांना पदार्थ नाही), मग कमी मात्रा, मग मधली, आणि दुपारी शेवटी जास्त मात्रा. सोयीचं म्हणून. पिंजऱ्यांच्या मांडणीचाच तो क्रम होता.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी हान्स सेल्येचं नाव घेतलं. १९३६ मध्ये सेल्येने उंदरांना वेगवेगळे अपायकारक पदार्थ टोचले, थंडीत ठेवलं, दमवलं. काहीही केलं तरी आत तेच तीन बदल सापडले: अधिवृक्क ग्रंथी मोठ्या, थायमस आणि लसिका ग्रंथी आक्रसलेल्या, जठरात व्रण. आपण ज्याला ताण म्हणतो त्याच्या अभ्यासाची ती सुरुवात. उंदीर घाबरला, उपाशी राहिला, दुखावला की अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन पाझरतं. माणसात कॉर्टिसोल जे काम करतं ते उंदरात हे करतं. थायमसच्या बाहेरच्या थरातल्या कोवळ्या लिंफोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, या संप्रेरकापुढे टिकत नाहीत, ढिगाने मरतात, आणि काही दिवसांत थायमस आक्रसते. पदार्थ थायमसला शिवलाही नसेल तरी.

"म्हणजे तुला काय सापडलंय? विष की धास्ती?" त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कापण्याच्या क्रमाचा घोळ वेगळा होता. काही तासांत थायमसचं वजन बदलत नाही, रक्त मात्र बदलतं. उंदीर निशाचर. त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन सकाळी तळाला असतं आणि अंधार पडायच्या सुमारास शिखरावर पोचतं. दुपारी उशिरा कापलेले उंदीर त्या चढावर होते, शिवाय दिवसभर शेजारच्या खोलीत ताटकळलेले. त्यांच्या रक्तात लिंफोसाइट कमी आणि न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त दिसले, ते कशाने हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. रक्ताचे ते सगळे आकडे वाया गेले. आकडे गेल्याचं दुःख नव्हतं. ते ज्यांच्यातून काढले ते जीव गेले होते आणि त्यातून काहीच कळलं नव्हतं.

इथे एका शब्दाबद्दल. आम्ही 'मारणं' म्हणत नाही, 'सॅक्रिफाइस' म्हणतो. वहीत तसंच लिहितो. मराठीत 'बळी' म्हणून बघितलं तर जीभ अडखळते, कारण बळी कशासाठी दिला हे लगेच विचारावं लागतं. त्या दिवसापासून मी मनात तरी मराठी शब्द वापरतो.

पुढचे दोन आठवडे मी माझ्याच वह्या परत वाचल्या. त्यात एक नोंद सापडली, माझ्याच अक्षरातली, जास्त मात्रेच्या गटाबद्दल: 'डोळ्यांच्या कोपऱ्यात लालसर डाग, बहुधा रक्त, ओरखडा?' प्राणिगृह सांभाळणाऱ्या काकांना दाखवली. ते हसले. "रक्त नाही ते. उंदीर तसं रडतो." डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं तांबूस रंगद्रव्य झिरपतं. निरोगी, निवांत उंदीर ते पंजांनी पुसून टाकतो. आजारी किंवा ताणाखालचा उंदीर अंग साफ करणं सोडतो, स्राव वाढतो आणि डोळ्यांभोवती, नाकाशी लाल खपली धरते. ताण समोर लिहिलेला होता आणि मी त्याला ओरखडा समजलो.

मग काकांनी मला पाजताना पाहायचं ठरवलं. पाजणं म्हणजे गॅव्हाज: टोकाला गोल मणी असलेली सुई तोंडातून अन्ननलिकेत आणि तिथून जठरापर्यंत. सुई किती आत जायला हवी ते आधी उंदराच्या अंगावर बाहेरूनच, तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत, मोजून घ्यायचं. मान सरळ, सुई टाळूला टेकवून मागे, आणि उंदराने स्वतः गिळली की ती आपोआप सरकते. ढकलायची नाही. ढकलली आणि श्वासनलिकेत गेली तर औषध फुप्फुसात, आणि मग जे दिसेल ते पदार्थाचं नव्हे, आपल्या हाताचं. उंदराला ओकता येत नाही, त्यामुळे चूक बाहेर पडायला वाटही नसते.

काका बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पहिल्या पिंजऱ्याला तुम्ही वेगळे आहात आणि शेवटच्या पिंजऱ्याला वेगळे."

बरोबर होतं. मी रोज नियंत्रण गटापासून सुरू करून जास्त मात्रेवर संपवत होतो, म्हणजे जास्त मात्रेचा अंश चुकूनही खालच्या गटात जाऊ नये. पद्धत चुकीची नव्हती, सगळेच तसं करतात. पण शेवटच्या गटापर्यंत माझे हात थकलेले असत आणि घड्याळाकडे लक्ष असे. त्यात सगळ्या गटांना शरीराच्या वजनाच्या प्रमाणात सारखंच आकारमान द्यायचं असल्यामुळे जास्त मात्रेचं मिश्रण दाट. सिरिंजमधून हळू उतरायचं, उंदराला जास्त वेळ मानेशी धरावं लागायचं. कागदावर सगळ्या गटांना 'तेच' केलं होतं, फक्त पदार्थ कमी-जास्त. प्रत्यक्षात जास्त मात्रेच्या गटाला माझ्या हातांचीही जास्त मात्रा मिळत होती.

मुख्य अभ्यासाचा आराखडा आम्ही पुन्हा लिहिला. गाभा ठरलेलाच होता. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४०७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे तीन मात्रा आणि एक नियंत्रण गट, प्रत्येकात पाच नर आणि पाच माद्या. शिवाय नियंत्रण आणि जास्त मात्रा या दोन टोकांना आणखी दहा-दहा उंदीर, जे २८ दिवसांनंतर काही न पाजता १४ दिवस ठेवायचे, झालेलं नुकसान भरून येतं का ते पाहायला. हे झाले साठ. त्यात आम्ही दोन गोष्टी घातल्या. एक, जोडीने खाणारा गट: त्यांना पदार्थ नाही, पण जास्त मात्रेच्या पिंजऱ्याने काल जेवढं खाल्लं तेवढंच आज द्यायचं, म्हणजे नुसत्या कमी खाण्याने थायमस किती आक्रसते ते वेगळं दिसेल. साधारणपणे यासाठी उंदीर एकेकटे ठेवतात. पण उंदीर कळपातला प्राणी, एकटं ठेवणं हाच त्याला ताण. म्हणून आम्ही पिंजऱ्याला पिंजरा अशी जोडी लावली. दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरली. ती म्हणजे प्रतिपिंडांची, म्हणजे परक्या वस्तूला ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनांची, चाचणी.

हे सगळं नीतिसमितीपुढे मांडताना माझा घसा कोरडा पडला होता. मागच्या वेळी मी प्राणी वाया घालवले होते आणि आता जास्त मागत होतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेल्या तीन कसोट्या तिथे प्रत्येकाला पाठ असतात: प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, संख्या कमी होईल का, यातना कमी होतील का. समितीतल्या एका सदस्याने पहिलीच लावून धरली. त्वचेची ॲलर्जी तपासायला पूर्वी गिनीपिग लागत, मग उंदराच्या कानामागच्या लसिका ग्रंथी लागत, आता पेशी आणि रसायनांच्या चाचण्या एकत्र करून प्राण्याशिवाय निकाल देता येतो. २०२१ पासून ओईसीडीची तशी मार्गदर्शिकाच आहे. मग तुम्हालाच उंदीर का?

मी सांगितलं की त्वचेच्या ॲलर्जीचे टप्पे माहीत आहेत, म्हणून ते सुटे करून बशीत तपासता येतात. प्रतिपिंड तयार व्हायला मात्र तीन प्रकारच्या पेशी लागतात. एक परक्या वस्तूचा तुकडा दाखवते, दुसरी तो ओळखून इशारा देते, तिसरी प्रतिपिंड बनवते. प्लीहेत त्यांची गाठ पडते ती ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी. शिवाय पदार्थ आधी यकृतातून जातो आणि तिथे त्याचं काय रूपांतर होतं हे आम्हाला माहीत नव्हतं. समिती यावर किती समाधानी झाली कोण जाणे. दुसऱ्याने विचारलं, उंदरात दिसलं ते माणसात दिसेलच कशावरून? इथे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड-औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं, माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकं, आणि सहाही जणांना काही तासांत अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. माकडाच्या ज्या टी पेशींनी इशारा द्यायला हवा होता त्यांच्यावर औषधाला धरायला खुंटीच नव्हती. प्राण्यांवरचा अभ्यास हमी देत नाही. कुठे बघायचं ते सांगतो, एवढंच मी म्हणालो. परवानगी मिळाली, एका अटीवर: कोणाचंही वजन ठरलेल्या मर्यादेपलीकडे घटलं तर २८ दिवसांची वाट न पाहता त्याला तिथेच वेदनारहित मृत्यू द्यायचा.

उंदीर आल्यावर किमान पाच दिवस त्यांना रुळू द्यायचं असतं. आम्ही दोन आठवडे दिले. पहिल्या आठवड्यात रोज नुसतं हाताळणं: ओंजळीत घ्यायचं, बाहीवर चढू द्यायचं, परत ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यात सुईशिवाय पाजण्याची पकड. काका म्हणाले होते की मी खोलीत शिरलो की उंदीर आक्रसतात आणि माझी सहकारी शिरली तर नाही. मला तो टोमणा वाटला होता. पण २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे, त्यात पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासाने, अगदी त्याच्या घातलेल्या सदऱ्यानेसुद्धा, उंदरांमध्ये ताण वाढलेला दिसला. यावर इलाज काय करणार? आम्ही दोघांनी कामाची विभागणी गटांप्रमाणे न करता दिवसांप्रमाणे केली, म्हणजे माझा वास निदान सगळ्या गटांना सारखा मिळाला. प्रत्येक गटाला वेगळी सुई, वेगळी सिरिंज, आणि पाजण्याचा क्रम रोज नव्या चिठ्ठ्यांनी.

अठ्ठावीस दिवस कंटाळवाणे गेले, आणि ते तसेच जायला हवे होते. तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार. वजनं, खाल्लेलं, डोळ्यांचे कोपरे. लाल खपली या वेळी जास्त मात्रेच्या गटातही तुरळकच दिसली.

पंचविसाव्या दिवशी प्रतिपिंड-चाचणीचे उंदीर हातात घेतले. प्रत्येक गटात आठ माद्या, वेगळ्या ठेवलेल्या, कारण परकी वस्तू टोचली की प्लीहा त्या वस्तूमुळेच बदलते आणि बाकीच्या तपासणीला निरुपयोगी होते. टोचायच्या मेंढीच्या लाल रक्तपेशी. शेपटीच्या शिरेत, त्यासाठी शेपटी आधी कोमट करायची म्हणजे शीर वर येते. मेंढीच्या पेशी निरुपद्रवी, पण उंदराच्या शरीराला त्या शंभर टक्के परक्या. चार दिवसांनी प्लीहेत त्यांच्याविरुद्ध आयजीएम या प्रकारचं प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी कमाल संख्येने असतात. आणखी आठ माद्यांना सायक्लोफॉस्फमाइड दिलं होतं, जे प्रतिकारशक्ती दडपतं हे आधीच माहीत आहे. ते दडपलेलं आमच्या चाचणीत दिसलं नाही तर चाचणीच आंधळी.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी लवकर सुरुवात. क्रम चिठ्ठ्यांचा, एका वेळी एकच उंदीर आत, बाकीचे दुसऱ्या मजल्यावर. थायमस सोडवणारे हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच व्यक्तीचे, आणि ती व्यक्ती मी नव्हतो. मी प्लीहेवर होतो. प्लीहा हलकेच चिरडून पेशी सुट्या करायच्या, त्यात मेंढीच्या लाल पेशी आणि गिनीपिगच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट (प्रतिपिंड चिकटलेल्या पेशी फोडणारी प्रथिनं) मिसळायचं, पातळ अगारमध्ये पसरायचं आणि ३७ अंशांवर ठेवायचं. जिथे आयजीएम बनवणारी एक पेशी आहे, तिथे तिच्या भोवतालच्या मेंढीच्या पेशी फुटतात आणि लाल पटलावर एक स्वच्छ गोल ठिपका पडतो. नील्स येर्ने आणि अल्बर्ट नॉर्डिन यांनी १९६३ मध्ये ही युक्ती मांडली. एक ठिपका म्हणजे एक पेशी. इतक्या मोठ्या, गुंतागुंतीच्या यंत्रणेचा हिशेब डोळ्यांनी मोजता येतो, हे मला अजूनही चमत्कारासारखं वाटतं. ठिपके मोजणाऱ्या सहकारिणीला बशी कोणत्या गटाची ते ठाऊक नव्हतं. सायक्लोफॉस्फमाइडच्या बशा जवळजवळ कोऱ्या आल्या तेव्हा मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

थायमसचं म्हणाल तर डोंगर पोखरून उंदीर. जास्त मात्रेच्या गटात ती लहान झाली होती, पण छोट्या चाचणीइतकी नाही. आणि जोडीने खाणाऱ्या गटात, ज्यांना पदार्थाचा कणही मिळाला नव्हता, तिथेही ती बऱ्यापैकी लहान निघाली. १४ दिवस मोकळे ठेवलेल्यांमध्ये ती पुन्हा भरून आली होती.

खरी गोष्ट मधल्या मात्रेत होती, जिथे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तिथे वजनं नियंत्रण गटासारखी. अधिवृक्क ग्रंथी तशाच, थायमस तशीच. प्लीहेचं वजन ठीक, काचपट्टीवर तिची रचनाही ठीक. डोळे स्वच्छ. ताणाची एकही खूण नाही. आणि लाल पटलावर ठिपके मात्र निम्म्याहूनही कमी. सहकारिणीने कोड उघडल्यावर तिला वाटलं बशा उलटसुलट झाल्या असतील. तिने ठेवलेल्या नमुन्यांवरून पुन्हा मोजलं. तेच. सगळे अवयव जागच्या जागी आणि धडधाकट दिसत होते, फक्त काम करत नव्हते. कमी मात्रेत ठिपके नियंत्रण गटाइतके होते.

याचा अर्थ, 'काहीही अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा' आता मधली राहिली नाही, कमी मात्रेवर आली. माणसासाठी सुरक्षित पातळी काढताना त्या आकड्याला साधारणपणे शंभराने भागतात, दहा उंदीर ते माणूस या फरकासाठी आणि दहा माणसामाणसांतल्या फरकासाठी. वरचा आकडा एक पायरी उतरला की खालचं सगळं उतरतं. अहवाल मागवणाऱ्यांना हे आवडलं नाही. एका बैठकीत मला सुचवण्यात आलं की मधल्या मात्रेतला परिणामही ताणाचाच म्हणता येईल, नाही का, तुम्हीच तर ताणाबद्दल इतकं लिहिलंय. मी अधिवृक्क ग्रंथींचा तक्ता पुढे केला. या वेळी तो स्तंभ मला पाठ होता.

अवयवांच्या काचपट्ट्या तपासणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञांशी मात्र खरंच भांडण झालं, तेही थायमसवरून. जास्त मात्रेच्या थायमसबद्दल त्यांना 'ताणाशी सुसंगत' एवढंच लिहायचं होतं. माझं म्हणणं, जोडीने खाणाऱ्या गटापेक्षा ती आणखी लहान आहे, तो उरलेला फरक कुठे गेला? ते म्हणाले, उरलेला फरक तुझ्या दाट मिश्रणाचा नाही हे सिद्ध कर. मला करता आलं नाही. अहवालात वाक्य गेलं ते असं: घट मुख्यतः कमी आहार आणि ताणाशी सुसंगत, पदार्थाचा थेट परिणाम नाकारता येत नाही. दोघांनाही न आवडलेलं वाक्य, म्हणून बहुधा बरोबर.

त्यानंतर दोन महिन्यांनी पुढच्या कोडचा डबा आला. आराखड्यात मी मॅडमना न विचारता एक ओळ घातली होती: जास्त मात्रा दिवसातून दोनदा, अर्ध्या-अर्ध्या पातळ मिश्रणात, आणि बाकीच्या सगळ्या गटांनाही दोनदाच. त्यांनी ती वाचली, पाजण्याच्या तासांचा हिशेब मनातल्या मनात केला आणि म्हणाल्या, "दुप्पट वेळा धरणार आहेस त्यांना. तो ताण कुठे मोजणार?" मी ओळ खोडली, आणि आम्ही दोघं पुन्हा पहिल्या पानापासून बसलो.